सात दिवसांत चारच दिवस वल्हवायचं

यंदा ऑगस्टात आठवडाभर कयाकिंगला जायचं घाटतंय. वॉशिंग्टन राज्यातली सॅन वान बेटं. (लिहिताना सॅन जुआन, म्हणताना सॅन वान.) आम्ही चौघं, आणि चौघंही आमच्याच धंद्यातले. त्यामुळे प्लॅन एक्सेलमध्येच आला, हे वेगळं सांगायला नको. सात दिवस, सात ओळी, दर ओळीला एक नवं बेट. रविवारी संध्याकाळी फ्रायडे हार्बरहून फेरी, सोमवारी सकाळी ऑफिस.

माझं म्हणणं सरळ आहे. सातपैकी चार ओळी भरा, तीन रिकाम्या ठेवा. त्यावर एक मित्र म्हणाला, "अरे, मग एवढी सुट्टी घेतली कशाला?"

घेतली ती याचसाठी. इथलं पाणी आपल्या कॅलेंडरला विचारत नाही. माझे आजोबा कोकणातले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ आली, एवढं त्यांचं गणित. अष्टमीला सहाच्या सुमारास, बस. इथे ते चालत नाही. दिवसातून दोन भरत्या येतात खऱ्या, पण त्यांची उंची सारखी नसते. त्यात मधल्या अरुंद चॅनेलमधला प्रवाह भरती संपली म्हणून लगेच थांबत नाही, काही ठिकाणी तासभर तसाच वाहत राहतो. म्हणून नुसतं भरती-ओहोटीचं कोष्टक पुरत नाही, प्रवाहाचं वेगळं कोष्टक बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात काही चॅनेलमध्ये हा प्रवाह चार नॉटच्या वर जातो. सामान भरलेली कयाक आपण तीन नॉटने हाकतो. वजाबाकी तुम्हीच करा.

ही वजाबाकी मी २०१९ मध्ये शिकलो. स्टुअर्ट बेटावर मुक्काम होता, शेवटचा दिवस, दुपारची फेरी गाठायची होती. स्पीडन चॅनेलमधला प्रवाह मंदावायला दोन तास अवकाश होता. ते आम्हाला माहीत होतं! तरी निघालो, कारण सोमवारी माझी मीटिंग होती. समोरून वारा, खालून प्रवाह वाऱ्याच्या उलट. जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या लाटा मी तोवर फोटोतच पाहिल्या होत्या. आमच्यातला एकजण उलटला. पाणी दहा-अकरा डिग्री असेल. थंड पाण्याबद्दल इथे १-१०-१ असं शिकवतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. त्याला परत बसवेपर्यंत दहातली बरीच मिनिटं संपली होती. स्प्रे स्कर्ट लावायला गेला तर बोटं वळेनात. मीच लावून दिला. फेरी चुकलीच. मीटिंगही. दोन्ही चुकल्याने काहीही बिघडलं नाही, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट.

आम्ही सगळे पट्टीचे पोहणारे होतो. कोष्टक खिशात होतं, व्हीएचएफ रेडिओ होता. घात केला तो परतीच्या तारखेने. म्हणून एक रिकामा दिवस शेवटी हवाच, आणि फेरी त्याच्या दुसऱ्या दिवशीची. बाकीचे दोन मधे कुठेही. ऑगस्टात सकाळी दाट धुकं पडतं, आणि हॅरो सामुद्रधुनीतून व्हँकुव्हरकडे जाणारी भलीमोठी जहाजं आपल्यासाठी वळत नाहीत. तेव्हा किनाऱ्यावर बसून चहा प्यायचा. कॅस्केडिया मरीन ट्रेलचे मुक्काम वल्ह्याने किंवा शिडाने येणाऱ्यांसाठीच राखलेले असतात आणि जो आधी येईल त्याला जागा मिळते, म्हणून बुकिंगही बुडत नाही. पाणी मात्र माणशी रोजचं चार लिटर धरा, तेही रिकामे दिवस मोजून. आणि खाणं रॅकूनपासून सांभाळा, ते फार हुशार असतात :)

मित्राचं म्हणणं, रिकामा दिवस म्हणजे आळस. आपण रिलीजच्या आधी दोन आठवडे बफर मागतो तेव्हा तो आळस नसतो, बरं का!

असो. आज सकाळी मी शीटमधली पाचवी ओळ रिकामी केली. दुपारी पाहतो तर तिथे कोणीतरी पुन्हा "सुशा बेट" लिहून ठेवलंय.