एका दिवसाचा पाहुणा आणि सुटे पैसे

आफानासी निकितिन हा रशियन व्यापारी सुमारे १४६९ मध्ये चौलला उतरला, तेव्हा त्याची सारी भिस्त एका घोड्यावर होती. त्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत मिळेल, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने घोडा सुटला आणि पुढे बीदरला विकला गेला. निकितिनच्या टिपणांत देवळे आणि उत्सव आहेत, तसेच भाव आणि जकातही आहेत. किंबहुना त्या हिशेबांमुळेच ती टिपणे आजही वाचनीय वाटतात. चौललगतच्या रेवदंड्यात २००२ साली त्याचे स्मारक उभे राहिले.

त्याच किनाऱ्यावर आज क्रूझने येणारा प्रवासी पाहिला की निकितिन आठवतो. जहाज मुंबईत बॅलार्ड पियरला लागते आणि प्रवाशाच्या हाती जेमतेम आठ-दहा तास असतात. कुठे जायचे हे त्याने जहाजावरच ठरवलेले असते, सहलीचे पैसे त्याच्या खात्यातून परकीय चलनात वळते झालेले असतात. तो बसमध्ये चढतो, मार्गदर्शकामागून चालतो आणि संध्याकाळी परततो. दिवसभरात एकदाही रुपयाला हात न लावता त्याचे ‘भारतदर्शन’ पूर्ण होऊ शकते. माझे म्हणणे असे की, या माणसाने पाहिले पुष्कळ, पण तो कुठे गेला नाही.

आधी निवडीचा प्रश्न. रायगडचा किनारा नकाशावर जवळ दिसतो, पण तो भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटीच गाठावी लागते. जंजिऱ्यासाठी अलिबागहून आणखी सुमारे ५० किलोमीटर जाऊन राजपुरीला होडी धरावी लागते. जहाजाचा भोंगा या वेळापत्रकांची पर्वा करीत नाही. म्हणून एका दिवसाच्या पाहुण्याने घारापुरी निवडावी, आणि तेवढीच निवडावी. गेटवेहून लाँचने तासाभरात पोहोचता येते. सोमवारी मात्र लेणी बंद असतात. हे बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे, याचा विसर पुष्कळदा आपल्यालाही पडलेला असतो.

आता पैशांचा प्रश्न. २०१५ च्या नियमांनुसार परदेशी पाहुण्याला भारतीय नोटा ठरावीक मर्यादेत बरोबर आणण्याची मुभा आहे, पण ती विमानतळावरून येणाऱ्यालाच. समुद्रमार्गे येणाऱ्याने रुपया इथे उतरूनच घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे. लेण्यांचे तिकीट २०१८ च्या दरवाढीपासून भारतीयांना ४० रुपये आणि परदेशीयांना ६००, म्हणजे पंधरापट. पाहुण्याला वाटते, आपण या बेटाला भरपूर दिले. वस्तुतः ते पैसे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे. ग्रामपंचायतीचा कर वेगळा आणि किरकोळ. ही लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरली, पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांना समुद्राखालच्या तारेतून वीज मिळायला २०१८ उजाडले. गावाच्या हाती थेट पडते ते पायऱ्यांच्या दुतर्फा होणाऱ्या विक्रीतूनच. तिथे डॉलरची नोट पुढे करणे हे औदार्य नव्हे. ती मोडायला विक्रेत्याला खाडी ओलांडून मुंबई गाठावी लागते. ५०० ची कोरी नोटही अडचणीचीच, कारण सकाळी कुणापाशी मोड नसते. तेव्हा थोडेच पैसे बदलावेत, पण दहा, वीस, पन्नासच्या नोटांत.

यावर रास्त आक्षेप आहे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यासाठी ते थांबत नाही. ज्याचे पाय थकले आहेत किंवा ज्याला परक्या गर्दीची धास्ती वाटते, त्याने तयार सहल घेण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु त्यानेही पायऱ्यांवर दहा मिनिटे मागून घ्यावीत आणि खिशात सुटे ठेवावेत.

साहित्याच्या अभ्यासकांना या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत रस का असावा? आपल्या प्रवासवर्णनांतही हळूहळू नुसती दृश्ये उरली आहेत, म्हणून. तयार सहलीतून आलेल्या लेखनात माणसे पार्श्वभूमीला असतात, कारण लेखकाचे त्यांच्याशी काही अडलेलेच नसते. भाव विचारताना आपण चुकतो, हसे होते, कधी फसतो, कधी उगाच संशय घेतल्याची लाज वाटते. समोरचा माणूस माणूस म्हणून दिसू लागतो तो तेव्हा.

२०१९ पासूनच्या वीस रुपयांच्या नोटेवर वेरूळचे लेणे आहे. ती नोट घारापुरीच्या पायरीवर काकडीवालीच्या हाती देताना पाहुण्याला तिच्याकडे एकदा नीट पाहावे लागते, आणि तिलाही त्याच्याकडे. गुहेतल्या त्रिमूर्तीची छायाचित्रे त्याला कुठेही मिळतील. ही नजरानजर मात्र उतरल्याशिवाय मिळायची नाही.