डोक्याला लागले तर लपवू नका



आपल्या गावात पोरं चिंचेवर चढतात, उसाच्या ट्रॉलीला मागून लोंबकळतात, विटीदांडू खेळतात. मग कोणीतरी पडतंच. गुडघा फुटला तर रक्त दिसते, म्हणून सगळे धावतात. डोक्याला मुका मार बसला तर काही दिसत नाही. पोरगं उठून पुन्हा खेळायला लागतं आणि घरी सांगत नाही. का? तर मार मिळेल म्हणून. ही भीती फार वाईट आहे असे मला वाटते.

रमण लांबा हे भारताचे क्रिकेटपटू होते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला ते हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभे होते. चेंडू डोक्याला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. पण थोड्या वेळाने बेशुद्ध झाले आणि तीन दिवसांनी वारले. म्हणजे चालतोय, बोलतोय म्हणून बरा आहे असे नसते. कवटीच्या आत रक्त साचले तर ते मेंदूला दाबते. १९६२ साली आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांनाही बार्बाडोसला डोक्याला चेंडू लागला होता. पण लगेच ऑपरेशन झाले, म्हणून ते वाचले.

नुसते टेंगूळ आले आणि लेकरू नीट खातंय, खेळतंय, तर बहुतेक वेळा काही होत नाही. तरी दोन दिवस लक्ष ठेवावे. ही लक्षणे बघावीत :

१) पुन्हा पुन्हा उलटी होणे.
२) डोकेदुखी वाढत जाणे.
३) खूप गुंगी येणे, उठवले तरी न उठणे.
४) काहीतरीच बोलणे, माणूस न ओळखणे.
५) झटके येणे, झोकांड्या जाणे, हातपाय लुळा पडणे.
६) नाकातून किंवा कानातून रक्त वा पाणी येणे.
७) एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे.

यातले एक जरी दिसले तरी हळद लावून, कांदा हुंगवून वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा. गाडी फुकट येते. सोलापूरचे सिव्हिल लांब आहे, म्हणून सकाळची वाट बघू नये. लेकराला झोपूच द्यायचे नाही असे काहीजण म्हणतात. झोपले तर चालते, पण रात्री मधून मधून उठवून नाव विचारावे.

पालकांनो, पडलेल्या पोराला मारू नका. आधी विचारा, कुठं लागलं? रागवायचे ते नंतर रागवा. आणि मित्रांनो, दोस्त डोक्यावर पडला तर बाईंना, गुरुजींना किंवा त्याच्या आईला लगेच सांगा. ती चहाडी नव्हे, असे माझे मत आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी