विश्लेषण : पुण्यातला पहिलाच उन्हाळा? उद्याने दुपारी बंद का, बर्फ कोणता खावा, संध्याकाळी जावे कुठे?

‘पुण्याची हवा चांगली’ हे वाक्य नोकरी-शिक्षणासाठी नव्याने आलेल्या प्रत्येकाला घरमालकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ऐकवतात. रात्रीपुरते ते बरेचसे खरेही आहे. दुपारचे मात्र तसे नाही. २८ एप्रिल २०१९ रोजी शिवाजीनगरला पारा ४३ अंशांवर गेला होता. अशा दुपारी नव्या शहरात फुकटात सावलीला बसायचे कुठे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

४० अंश म्हणजे नेमके किती?

हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थेट ऊन लागू नये, म्हणूनच ही पेटी. त्यामुळे बातमीत ४० असेल, तर सिग्नलला उभ्या दुचाकीस्वाराला डोक्यावरचे ऊन आणि खालच्या डांबराची धग वेगळी सोसावी लागते.

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानतात. त्रास मात्र त्याआधीच सुरू होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात १४ जणांचा जीव गेला, तेव्हा पारा ३८च्या आसपास होता. तासन् तास उघड्यावर बसणे आणि दमट हवा हे दोन्ही तिथे एकत्र आले होते.

झाडाखाली हवेचे तापमान फार कमी होत नाही. फरक पडतो तो अंगावर येणारी किरणे अडल्यामुळे. म्हणून वडाखालचे ३९ अंश आणि उघड्या बस स्टॉपवरचे ३९ अंश शरीराला वेगवेगळे लागतात.

मग उद्यानांना दुपारीच कुलूप का?

पुण्यातली महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन सत्रांत उघडतात. मधले तास बंद. नव्या माणसाला हे फाटकाशी गेल्यावरच कळते. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे. ते पाहायचे तर सकाळीच जा.

दुपारच्या कुलपामागची कारणे ठरलेली आहेत : देखभाल, सुरक्षारक्षकांच्या पाळ्या, गैरवापराच्या तक्रारी. त्यातली ‘गैरवापर’ म्हणजे अनेकदा शेजारी बसलेले तरुण-तरुणी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही वेळापत्रके फिरायला येणाऱ्यांसाठी आखलेली आहेत, सावली शोधणाऱ्यांसाठी नाहीत. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली तीनजणांत खोली घेतलेला विद्यार्थी, दोन ऑर्डरींच्या मध्ये थांबलेला डिलिव्हरी बॉय, बांधकामावरचा मजूर यांना बारा ते चार याच वेळेत झाड हवे असते. ते मिळत नाही, म्हणून उड्डाणपुलाखाली गाड्या लावून बसलेली मुले दिसतात.

याला पर्याय नाही असे नाही. मे २०१०च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. इशारा मिळताच मंदिरे, सार्वजनिक इमारती, मॉल यांसारख्या जागा थंडाव्यासाठी वापरायच्या, हा त्यातला एक भाग. पुण्यात नवे काही बांधायचीही गरज नाही. एप्रिल-मेपुरती रक्षकांची एक पाळी वाढवली आणि पिण्याचे पाणी ठेवले, तरी बरेच होईल.

तोवर कॅम्पकडचे एम्प्रेस गार्डन आहे. तिथली झाडे जुनी आणि दाट आहेत, पण प्रवेशाला तिकीट आहे. टेकड्या सगळ्यांसाठी खुल्या असल्या, तरी वेताळ टेकडीवर सूर्य वर येण्याआधी जाऊन आलेले बरे.

रस्त्यावर काय प्यावे?

रसवंतीतला घुंगरांचा आवाज ऐकून थांबायला हरकत नाही, फक्त बर्फाकडे पाहा. खाण्याचा नसलेला, म्हणजे मासळी किंवा माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ निळसर करण्याची सक्ती राज्यात २०१८पासून आहे. पेल्याजवळ निळा बर्फ दिसला तर पुढे चला. पांढरा दिसला म्हणून तो शुद्ध पाण्याचाच, असेही नाही. सरळ ‘बिना बर्फाचा द्या’ म्हणावे.

नीरा सकाळी लवकर प्यावी. ती उन्हाने आंबत जाते आणि तिची ताडी होते. पन्हे सर्वांत शहाणे पेय : उकडलेली कैरी, गूळ आणि घामावाटे गेलेले परत देणारे मीठ. मस्तानी पुण्याची खरी, पण ती तहान भागवत नाही, जेवणाची जागा घेते.

आंब्याच्या बाबतीत ‘देवगड’ लिहिलेल्या पेटीवर डोळे झाकून विश्वास नको. कोकणातल्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकचा आंबा त्याच नावाने खपवल्याच्या तक्रारी येतातच. कोकणातल्या फळाची साल पातळ असते. आंबा पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला बंदी आहे, इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे. एकसारखा पिवळा, पण वास नसलेला आंबा नाकाजवळ नेऊन परत ठेवा.

आणि संध्याकाळ?

इथे शहर खरोखर उदार आहे. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ला आंबेडकर जयंती. गंज पेठेतला फुलेवाडा आणि स्टेशनजवळचा डॉ. आंबेडकरांचा पुतळा इथे गर्दी लोटते. अक्षय तृतीयेला दगडूशेठ गणपतीपुढे आंब्यांची आरास असते. चैत्रात ओळखीच्या घरी हळदी-कुंकवाला बोलावले, तर आंब्याची डाळ चुकवू नका.

कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५मध्ये सुरू केलेली ही माला एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात भरते. रोज संध्याकाळी नवा वक्ता, नवा विषय. शहरात कुणी ओळखीचे नसेल, तर शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा व्याख्यानाआधीच वक्त्याच्या चुका सांगायला सुरुवात करतात. ओळख होते.