आधी खड्डा, मग खरेदीखत

समृद्धी महामार्ग आणि शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक वसाहत आल्यापासून छत्रपती संभाजीनगरच्या चारी अंगांच्या शेतजमिनींना सोन्याचा भाव आला. घेणारे कागदाला पक्के असतात. सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट, मोजणी, वहिवाटीचा रस्ता, सगळे वकिलाकडून तपासून घेतात. जमीन मात्र मोटारीच्या काचेतून पसंत होते. काळी दिसली की ‘भारी’, आणि शेजारच्या बोअरला पाणी असले की ‘पाण्याची सोय आहे’. फारच शंका आली, तर पाणाड्या नारळ घेऊन फिरतो.

या मुलखात वरून बघून काही कळत नाही. खाली लाव्ह्याचे थर आहेत, एकावर एक. एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीत वाकून पाहावे. वर हात-दीड हात काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे, मग पिवळसर मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा आणि तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमात नि मांजऱ्यात; पाषाणात फट असली तरच. शंभर पावलांवर हाच क्रम बदलतो. माळाच्या माथ्यावर वीतभर मातीखाली खडक लागतो, ओढ्याकाठी पुरुषभर काळी निघते. शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागले आणि आपण आठशे फूट जाऊनही भुकटीच उडाली, यात नशिबाचा दोष फारसा नसतो.

मोसंबीची बाग लावायची तर हिशेब आणखी निराळा. निचरा नसलेली चिकण काळी किंवा दहा टक्क्यांहून जास्त चुनखडी असली, तर झाड पहिली काही वर्षे टवटवीत दिसते आणि फळ धरायच्या वयात पिवळे पडून शेंड्याकडून वाळू लागते. तोवर ठिबक, शेततळे, कुंपण, सगळा खर्च होऊन गेलेला असतो. फार्महाऊस बांधणाऱ्यांचेही तेच. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात उलते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकतात.

मृदा आरोग्य पत्रिका आहे की, असे कोणी म्हणेल. 2015 साली ही योजना आली तेव्हा कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना घ्यायचा, असे ठरले होते. दहा हेक्टरांत माळ, उतार आणि ओढा तिन्ही येतात. शिवाय नमुना वरच्या वीतभर मातीचा. त्यावरून खताचा डोस ठरेल, बाग ठरत नाही.

गंमत म्हणजे सातबाऱ्यावर मातीची खूण आहेच, ती कोणी वाचत नाही. ‘आकार’ म्हणून जे किरकोळ रुपये-पैसे छापलेले असतात, तो जमिनीचा सारा, जमिनीची प्रत ठरवणाऱ्या जुन्या प्रतबंदीतून आलेला. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरापासून ही पद्धत बसवली आणि पुढे निजामाच्या राज्यानेही ती उचलली. जमिनीची खोली, पोत, चुनखडी, उतार, पाणथळपणा पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरत असे. त्या सरकारला कळकळ साऱ्याचीच होती, पण साऱ्यासाठी का होईना, माती उकरून पाहत. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, मलिक अंबराने याच शहराला नहर दिली ती खाम नदीच्या खोऱ्यातले उथळ झिरपे गोळा करून. पंप नव्हते, म्हणून जमिनीचा स्वभाव ओळखणे भाग होते.

आज जेसीबी तासाच्या भाड्यावर मिळतो. माथ्यावर, मधल्या उतारावर आणि सखलात मीटर-दीड मीटरचे खड्डे घ्यावेत, फुटाफुटाला वेगळा नमुना बांधून प्रयोगशाळेत द्यावा. मातीवर विरळ ॲसिडचे थेंब टाकावेत. फसफसले की चुनखडी आहे. खड्ड्यात पाणी ओतून दुसऱ्या दिवशी किती उरले ते बघावे. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे कार्यालय शहरातच आहे. मुद्रांक शुल्कापुढे हा सगळा खर्च चिल्लर आहे.

विसार देण्याआधी खड्डा घेऊ द्या म्हटले, की काही विकणारे चुळबुळ करतात. खाली काय आहे ते त्यांना ठाऊक असते. त्यांच्या आज्याने तिथे विहीर खणून अर्ध्यावर सोडलेली असते.