शब्दांवाचून माद्रिगाल

नभोवाणीवर सोळाव्या-सतराव्या शतकांतले पाश्चात्त्य संगीत लागले, की बहुतेक श्रोते आवाज थोडा कमी करतात आणि आपापल्या कामाला लागतात. आम्हीही कित्येक वर्षे तेच करत आलो. उत्तरपत्रिका तपासायला बसताना आंतरजालावरचे एखादे युरोपीय केंद्र लावून ठेवायचे. ल्यूटच्या तारा, चार-पाच गळ्यांची संथ वीण, आणि गठ्ठा कधी संपला ते कळायचेही नाही. निवेदकाचेही ह्याला साह्य असते. रचनाकार, साल, गायकवृंद एवढे सांगून तो 'शांत', 'प्रसन्न' अशी एक-दोन विशेषणे जोडतो आणि बाजूला होतो. आमची तक्रार ह्या विशेषणांबद्दल आहे.

क्लाउदिओ मोन्तेवेर्दीचे 'क्रूदा आमारिल्ली' हे माद्रिगाल घ्या. ग्वारिनीच्या 'इल पास्तोर फीदो' ह्या नाटकातले हे मिर्तिल्लोचे स्वगत. प्रेयसीच्या नावातच 'प्रेम करणे' आणि 'कडू' हे दोन्ही इटालियन शब्द दडलेले आहेत, आणि कवीने त्या श्लेषावर सगळी कैफियत उभी केली आहे. नायकाच्या तोंडी 'हाय' येतो, तेथे सर्वांत वरचा गळा विरामानंतर एकदम विसंवादी स्वरावर प्रवेश करतो. खालचा स्वर षड्ज मानला तर तो ऋषभ, आणि त्यामागोमाग कोमल निषाद. आपल्या कानांना ह्यात काही वावगे वाटणार नाही. पण तेथील शास्त्रानुसार असा स्वर पूर्वतयारीनेच यायला हवा. आगंतुकासारखा तो आला, म्हणून बोलोन्याच्या जोव्हान्नी मारिया आर्तूझीने १६०० साली आपल्या ग्रंथात ह्या रचनेची जाहीर चिरफाड केली.

चिरफाड करताना आर्तूझीने केले काय, तर स्वरांचे उतारे छापले आणि त्यांखालचे शब्द गाळले. रचनाकाराचे नावही दिले नाही. शब्द काढून घेतल्यावर त्या स्वराला चूक ठरवणे सोपेच होते! मोन्तेवेर्दीने १६०५ साली माद्रिगालांच्या पाचव्या संग्रहात हीच रचना प्रारंभी छापली आणि आपल्या मार्गाला 'दुसरी पद्धती' म्हटले. १६०७ साली त्याचा भाऊ जूलिओ चेझारे ह्याने त्या भूमिकेचा खुलासा केला: ह्या पद्धतीत शब्दाने स्वरसंगतीवर सत्ता चालवायची, तिची चाकरी करायची नाही. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' ह्या नावाचे पुस्तक लिहिले, त्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये.

आजची नभोवाणी आर्तूझीचेच काम करते, फक्त रागावण्याऐवजी स्तुती करून. शब्द गाळले की एकाला प्रमाद दिसला, दुसऱ्याला प्रसन्नता दिसते. 'हाय' दोघांच्याही हाती लागत नाही.

संगीताला भाषा नसते, असे ह्यावर हमखास ऐकवले जाते. हे वाक्य कोठे लागू पडते आणि कोठे नाही, ते पाहायला हवे. टॉमस टॅलिसचे चाळीस आवाजांचे 'स्पेम इन आलियुम' ऐकताना, पाच-पाच गळ्यांचे आठ वृंद एकमेकांवर लोटू लागले, की शब्द मूळच्या श्रोत्यालाही सुटे लागत नसणार. तेथे नभोवाणी हिरावून घेते ती जागा: घुमट, अंतर, पाठीमागून येणारा आवाज. त्याला निवेदक काय करणार? (लहानशा स्पीकरवर चाळीस आवाज ऐकणे म्हणजे यात्रा खिडकीच्या फटीतून पाहणे होय.) पण मोन्तेवेर्दीचे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. १६०७ साली मांतुआ येथे 'ऑर्फेओ' सादर झाले, तेव्हा गाणे चालू असताना प्रेक्षकांना पाठ्य पाहता यावे म्हणून स्ट्रिज्जोची संहिता छापून घेतली होती. हे प्रेक्षक इटालियनच होते. ज्यांची ती मातृभाषा, त्यांच्या हाती संहिता. आणि ज्यांना तिचा गंध नाही, त्यांच्यासाठी 'प्रसन्न' एवढा एक शब्द.

नभोवाणीला हे जमत नाही असेही नाही. बीबीसीच्या रेडिओ ३ वर १९७१ ते १९७६ ह्या काळात डेव्हिड मन्रो 'पाइड पायपर' हा कार्यक्रम मुलांसाठी करत असे. मुलांना समजावून सांगावे लागते, हे गृहीत होते. प्रौढांना सांगायची गरज नाही, हे कोणी ठरवले? कवितेचा आशय वाचून दाखवायला मिनिटभर पुरते.

तोवर हे काम आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांकडेच येते. परवा तेच माद्रिगाल लागणार असल्याचे कळले, तेव्हा मिर्तिल्लोचे स्वगत अनुवादातून आधी दोनदा वाचले. निवेदकाने नेहमीचे विशेषण लावले. पहिले मिनिट सरायच्या आत तो स्वर आला, आणि लाल शाईचे पेन खाली ठेवावे लागले. त्या संध्याकाळी तीनच उत्तरपत्रिका तपासून झाल्या.