युरोपचे वय कोण ठरवते?

युरोप म्हातारा झाला, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोलले जाते की त्याला पुरावा मागावा असे कुणाला वाटत नाही. व्याख्यानमालेत, रविवारच्या पुरवणीत, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या निवृत्त काकांच्या तोंडी ते ठरलेल्या शेपटासकट येते. तिकडच्या बायका नोकरीच्या मागे लागल्या, मुले नकोशी झाली, घरे मोडली, म्हणून तो अख्खा खंड आज वृद्धाश्रम झाला आहे, आणि आपण मात्र तरुण आहोत! यातले निरीक्षण बरेचसे खरे आहे. निदान साफ चुकीचे आहे. आणि त्यातून जी फुशारकी निघते ती आपल्याच मुळावर येणारी आहे.

आधी निरीक्षण. देशातल्या सगळ्या माणसांना वयाप्रमाणे रांगेत उभे केले, तर बरोबर मधोमध जो उभा राहील त्याचे वय म्हणजे मध्यक वय. २०२४ च्या आरंभी युरोपीय संघाचे मध्यक वय ४४.७ वर्षे होते. भारताचे जेमतेम अठ्ठावीसच्या आसपास आहे. एवढ्यापुरते पंगतीतले काका बरोबर आहेत. पण त्याच वर्षी इटलीचा आकडा ४८.७ होता आणि आयर्लंडचा ३९.४. एकाच संघातल्या दोन देशांत नऊ वर्षांचे अंतर! एकट्या जर्मनीतही हॅम्बुर्ग आणि साक्सोनी-अनहाल्ट या दोन राज्यांच्या सरासरी वयात सुमारे सहा वर्षांचा फरक आहे. भाषा एक, संसद एक, दूरचित्रवाणीही एक. मग ‘युरोपीय संस्कृती’ने युरोपला म्हातारे केले म्हणावे, तर ती हॅम्बुर्गमध्ये एक आणि साक्सोनी-अनहाल्टमध्ये दुसरी कशी झाली?

आता निदान. बायका घराबाहेर पडल्या म्हणून पाळणे रिकामे राहिले, हा या समजुतीचा कणा आहे. तो खरा असता तर ज्या देशात जास्त स्त्रिया कमावत्या, तिथे मुले सर्वांत कमी असायला हवी होती. इटलीत वीस ते चौसष्ट वयाच्या स्त्रियांपैकी कमावत्या स्त्रिया ५७ टक्क्यांच्या आसपास आहेत. युरोपीय संघात हे प्रमाण तळाशी आहे. स्वीडनमध्ये ते ८० टक्क्यांच्या जवळ जाते. आणि दर स्त्रीमागे मुले? १९९५ साली इटली १.१९ वर घसरला होता, २०२४ मध्ये १.१८ वर. स्वीडन २०१० साली दोनच्या अगदी जवळ होता आणि आज घसरूनही १.४ च्या वर आहे. म्हणजे जिथे बाई घरात आहे तिथे पाळणा अधिक रिकामा आहे.

हे कोडे मुळात कोडेच नाही. आल्व्हा आणि गुन्नार म्यूर्दाल या स्वीडिश दांपत्याने १९३४ साली लोकसंख्येच्या पेचावर पुस्तक लिहिले. घटत्या जन्मदराचा दोष बाईच्या माथी मारू नका, मूल वाढवण्याचा भार समाजाने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वीडनने ते टप्प्याटप्प्याने मनावर घेतले, आणि १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेच्या जागी आई आणि बाप दोघांपैकी कुणालाही घेता येईल अशी पगारी पालकत्व रजा आणली. इटलीतला तरुण आज सरासरी तिसाव्या वर्षी आईबापांचे घर सोडतो. स्वीडनमधला बाविशीच्या आतच सोडतो. पक्की नोकरी नाही, परवडणारे घर नाही, पाळणाघर नाही; अशा मुलीने तिशी ओलांडून एका मुलावर थांबायचे ठरवले, तर तिला स्वार्थी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

प्रतिपक्षाच्या बाजूचाही एक आकडा मांडतो, कारण तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. फिनलंडमध्ये या सगळ्या सोयी आहेत, तरीही तिथला जन्मदर गेल्या दशकात कोसळून १.२५ च्या घरात आला. सोयी पुरवल्या की मुले होतातच, असा नियम नाही. पण म्हणून बाईला दोषी ठरवणारा नियम खरा ठरत नाही.

तो नियम खरा मानून एका सत्ताधीशाने राज्य चालवले होते. १९६६ च्या ऑक्टोबरात रुमानियाच्या चाउशेस्कू राजवटीने ७७० क्रमांकाचा हुकूम काढला आणि जवळजवळ सर्व गर्भपात बंद केले. गर्भनिरोधके मिळेनाशी झाली, मूल नसलेल्यांवर कर बसला. १९६६ मध्ये सुमारे २ लाख ७४ हजार जन्म झाले होते. १९६७ मध्ये ते ५ लाख २८ हजारांवर गेले. एका वर्षात दुप्पट! आकड्यांवर जगणाऱ्यांना हा विजय वाटला असेल. पण काही वर्षांतच लोकांनी आडवाटा शोधल्या आणि जन्मदर पुन्हा उतरला. राजवट संपेपर्यंत हजारो स्त्रिया चोरून केलेल्या गर्भपातांत मेल्या, आणि अनाथालये टाकलेल्या मुलांनी भरली. १९८९ च्या डिसेंबरात राजवट पडली, आणि नव्या सत्तेने पहिल्या काही दिवसांतच हा हुकूम रद्द केला. त्या हुकमाने जन्माला आलेल्या पिढीला रुमानियात ‘देक्रेत्सेय’, म्हणजे हुकूमजन्मे, म्हणतात. देश तरुण करण्यासाठी जन्माला घातलेली ती मुले आज साठीच्या घरात आहेत, आणि तीच आता देशाचे वय वर ढकलत आहेत. त्यांच्यातले आणि त्यांच्या मुलांमधले कितीतरी इटलीत कामाला आहेत. तिथे परदेशी नागरिकांत सर्वांत मोठा गट रुमानियनांचा आहे, दहा लाखांहून अधिक.

हंगेरीने अलीकडे सक्तीऐवजी आमिषाची वाट धरली. २०२० पासून चार मुलांच्या आईला आयकर माफ. जन्मदर २०११ मधल्या १.२३ वरून २०२१ मध्ये १.६ पर्यंत चढला आणि २०२४ मध्ये पुन्हा १.४ च्या खाली आला.

पण जन्माच्या हिशेबात अडकून आपण वयाच्या हिशेबातली सर्वांत वेगवान नोंद विसरतो, ती म्हणजे कोण गेले आणि कोण आले. ८ ऑगस्ट १९९१ रोजी इटलीतल्या बारी बंदरात ‘व्लोरा’ नावाचे मालवाहू जहाज लागले. क्युबाहून साखर घेऊन ते अल्बानियाच्या दुर्रेस बंदरात आले होते. साखर उतरवली जात असतानाच माणसे त्यावर चढली. डेकवर, डोलकाठ्यांवर, दोरांना लोंबकळत सुमारे वीस हजार माणसे, बहुतेक सारी तरुण. त्यांचा देश तेव्हा युरोपातल्या सर्वांत तरुण देशांपैकी एक होता, आणि ज्या देशाच्या धक्क्यावर ती उतरली तो तेव्हाच वयस्क होत चालला होता. तारुण्य ही जर देशाची दौलत असेल, तर ती दौलत जहाजाला लोंबकळून म्हाताऱ्या देशाकडे का धावली?

इटलीने त्यातल्या बहुतेकांना परत पाठवले. वाट मात्र बंद झाली नाही. २०११ च्या जनगणनेत अल्बानियात सुमारे २८ लाख लोक होते आणि त्यांचे सरासरी वय होते ३५.३. २०२३ च्या जनगणनेत लोक उरले २४ लाख, आणि सरासरी वय झाले ४२.५. बारा वर्षांत सात वर्षांनी म्हातारा! हा वेग समजून घ्यायला एक कल्पना करू. एखाद्या देशात कुणी जन्मलेच नाही, कुणी मेलेच नाही, कुणी आले-गेले नाही, तर त्याचे सरासरी वय बारा वर्षांत बरोबर बारा वर्षांनी वाढेल. अल्बानियाने त्या गोठलेल्या देशाच्या निम्म्याहून अधिक वेग गाठला. तिथेही मुले कमी होऊ लागली हे खरे, पण मुले कमी होण्याचे एक कारण हेही, की ती ज्यांना व्हायची ते मिलानमध्ये आणि अथेन्समध्ये होते. तिथे त्यांना मूल झाले की इटलीचे किंवा ग्रीसचे वय थोडे खाली येते. अल्बानियात मात्र आजी-आजोबा उरतात.

याची दुसरी बाजू जर्मनीत दिसते. तिथे अनेक दशके मृत्यू जन्मांहून अधिक आहेत, तरीही मध्यक वय गेली दहा वर्षे पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या आसपास जवळपास थबकले आहे. २०१५ मध्ये सीरियातून आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून माणसे आली, आणि २०२२ मध्ये देशाचे सरासरी वय किंचित उतरलेसुद्धा. आयर्लंडच्या तारुण्यातही वेगळे पुण्य नाही. १९८० पर्यंत तिथे दर स्त्रीमागे तीनहून अधिक मुले होती, म्हणून म्हातारपण उशिरा निघाले. ते येतेच आहे. २०१६ ते २०२२ या सहा वर्षांत तिथले सरासरी वय ३७.४ वरून ३८.८ झाले, आणि तेही बाहेरून माणसे येत असताना.

माझा पक्ष असा. देशाचे सरासरी वय हा त्याच्या नीतीचा दाखला नाही. जन्म, मृत्यू आणि ये-जा यांची ती जमाखर्चाची वही आहे, आणि तिच्यातल्या जुन्या नोंदी कधी पुसल्या जात नाहीत. १९६४ साली इटलीत दहा लाखांहून अधिक मुले जन्मली, २०२४ मध्ये पावणेचार लाखही नाहीत. १९६४ ची ती मुले आज साठी ओलांडून जिवंत आहेत, आणि आकडा वर जाण्यात त्यांच्या जगण्याचा मोठा वाटा आहे. आजी नव्वदीपर्यंत जगली हे दु:ख मानायचे का? गंमत अशी, की मृत्युदर आधी बालपणात घटतो तेव्हा देश तरुण होतो, कारण जी बाळे दगावली असती ती जगतात. पुढे तोच मृत्युदर म्हातारपणात घटला की देश वयस्क होतो. दोन्ही वेळा घडते ते चांगलेच, फक्त आकडा उलट्या दिशांना जातो.

आणि आता ती फुशारकी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे १.७ मुले आढळली. २०१० च्या फ्रान्सहून कमी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात प्रत्यक्ष घटली. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला येतो, घराचे कुलूप काढतो, आणि विसर्जनानंतर पुन्हा लावतो. अल्बानिया समजायला मराठी माणसाला नकाशाची गरज नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मुले जाणार असतील तर जावीत. परदेशी पगाराची, नव्या कामाची, जग पाहण्याची त्यांची इच्छा रास्त आहे आणि तिला अडवण्याच्या मी विरुद्ध आहे. पण त्या करारापुढे टाळ्या वाजवताना एक विचारायला हवे. सांगलीत वाढलेली, इथल्या शाळेत आणि इथल्या सरकारी रुग्णालयात शिकलेली परिचारिका श्टुटगार्टला जाते, तेव्हा तिला तेवीस वर्षे वाढवण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो, आणि तिच्या आईच्या सत्तरीत तिच्या उशाशी कोण बसणार आहे, याची तरतूद त्या कराराच्या कोणत्या कलमात आहे?