पुलाचे वय पाण्याखाली मोजा

महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा. तो बांधला तेव्हा त्यावरून मोजक्याच मोटारी जात. पुढे त्याच पुलावरून एसटी धावली, कंटेनर धावले, गणपती-शिमग्याला चाकरमान्यांच्या गाड्यांची रीघ लागली. शेजारी नवा पूल उभा राहिला, तरी जुन्याला निवृत्ती मिळाली नाही. मुंबईकडे जाणारी वाहतूक त्याच्याच पाठीवर राहिली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरातला पाऊस घेऊन सावित्री दुथडी वाहत होती. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहने पूल कोसळल्याने नदीत गेली. जवळच्या एका गॅरेजवाल्याला हे कळले आणि त्याने धावपळ करून मागून येणारी वाहने थांबवली, म्हणून आणखी काही जीव वाचले. चाळीसच्या आसपास माणसे गेली. शोधासाठी ३०० किलोचे लोहचुंबक क्रेनला बांधून गढूळ पाण्यात सोडले गेले, नौदलाचे पाणबुडे उतरले. तरीही पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवडा उलटून गेला. काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले.

त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असे सरकारने तेव्हा सांगितले. या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. तपासणी झाली नसती तर निष्काळजीपणा म्हणता आला असता. पण ती होऊनही पूल पडत असेल, तर तपासणीच्या पद्धतीकडेच बोट दाखवावे लागते.

मे महिन्यात कोकणातली नदी आटलेली असते. अभियंता पुलावर जातो, कठडे पाहतो, डांबर पाहतो, दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवला आहे का ते पाहतो. हे सारे पाहायलाच हवे. पिंपळाचे मूळ वर्षानुवर्षे सांधा फाकवत नेते. पण दगडी पुलाचा खरा घात होतो तळाशी. पुराचे पाणी खांबावर आदळते, खाली वळते आणि भोवरा होऊन पायालगतची वाळू-गोटे खरवडून नेते. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात नवा गाळ बसतो. वरून पात्र पूर्वीसारखेच दिसते, पायाखाली मात्र भुसभुशीत भर असते. पात्रातून बेसुमार वाळू उपसली की तळ आणखी खाली जातो आणि पाया उघडा पडतो. उन्हाळ्यात नुसत्या नजरेने पाहून हे कळत नाही. त्यासाठी पाणबुड्या उतरवावा लागतो, पात्राची खोली दरवर्षी मोजून नोंदवावी लागते.

पूल म्हातारा झाला म्हणजे पडणारच, असेही नाही. सांगलीचा आयर्विन पूल सावित्रीच्या पुलाचा जवळजवळ समवयस्क, १९२९ चा. २०१९ च्या महापुरात त्याच्यापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तरी तो टिकला. अवजड वाहनांना तिथे बंदी घातली गेली, म्हणजे वय वाढले तसे त्याचे ओझे कमी केले गेले. उलट पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल सत्तरच्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळलाही. त्याच्या काँक्रीटच्या पोटातल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजून गेल्या होत्या. म्हणजे बांधल्याचे साल पाहून पुलाची प्रकृती कळत नाही.

सावित्रीनंतर सरकार हलले, हेही नोंदवले पाहिजे. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची एकत्र नोंद करण्याची व्यवस्था सुरू केली. पण महामार्ग सोडून आत वळले की चित्र बदलते. १५ जून २०२५ ला, रविवारी, तळेगावजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चार जण दगावले. तो धोकादायक असल्याची पाटी तिथे होती, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. सुटीच्या दिवशी येणारी गर्दी पाटीने थांबत नाही. ती थांबवायला कुलूपबंद फाटक आणि माणूस लागतो.

शेजारी नवा पूल झाला की जुना तपासून एक तर पूर्ण बंद करावा, नाही तर पायी आणि हलक्या वाहनांपुरता ठेवावा. ‘आहे तोवर चालवू’ हे धोरण होऊ शकत नाही. तपासणी पावसाळ्याआधी आणि पूर ओसरल्यावर, दोन्ही वेळा व्हावी आणि तिचा अहवाल लोकांना वाचता यावा. प्रत्येक पुलावर बांधल्याचे साल, पेलायचे वजन आणि पायाच्या शेवटच्या तपासणीची तारीख ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. तुमच्या गावच्या पुलावर अशी पाटी नसेल, तर येत्या ग्रामसभेत विचारा. तिथे उत्तर मिळाले नाही, तर बांधकाम खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा.